नमुन्याची डाळिंबं

काल माळ्यावरून साड्यांची गाठोडी खाली ओढली आणि घरभर धूळ झाली. दरवर्षी माघ सरता सरता हे काम निघतं. हस्त बहाराची, दसऱ्याच्या सुमाराला फुललेली, डाळिंबं तोवर मुठीएवढी झालेली असतात, ऊन चढायला लागलेलं असतं, आणि पश्चिमेच्या अंगाला असतात त्या फळांची साल दुपारी भाजते. तव्यावर विसरलेल्या भाकरीला पडतो तसा तपकिरी डाग पडतो. एकदा डाग पडला की फळ आतून कितीही लालबुंद असो, त्याला कुणी विचारत नाही. म्हणून झाडांवर जुन्या साड्या पांघरायच्या. दीड एकराची आमची बाग, महिना-दीड महिना नटूनथटून उभी असते. रस्त्यानं जाणारा एखादा तरी गाडी हळू करून विचारतोच, "काय वैनी, लगीन काढलंय का झाडांचं?"

मला त्या साड्यांतली प्रत्येक ओळखू येते. ही निळी अंगणवाडीच्या बाईंची, युनिफॉर्मची. ही जांभळी माझ्या जावेची, दोनदा नेसून कंटाळली. ही हिरवी माझीच, बारशाला माहेरहून आलेली, काठ अजून शाबूत. काल ती झाडावर टाकताना वाटलं, हिला काय वाटत असेल? माणसाच्या अंगावर होती, आता झाडाच्या अंगावर आहे, आणि काम तेच, ऊन लागू द्यायचं नाही. असलं काहीबाही मला बागेत सुचतं. घरात सुचत नाही, घरात वेळ कुठे असतो.

लोकांकडे ऋतू आपले आपण येतात. आमच्याकडे तो धरावा लागतो. 'बहार धरायचा' असंच म्हणतात. झाडाला महिनाभर पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, झाड अगदी मेलंय की काय असं वाटेपर्यंत थांबायचं, आणि मग एका सकाळी पाणी सोडायचं. घाबरलेलं झाड फुलून येतं. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला हे बघवायचं नाही. माझं माहेर कोपरगावकडचं, उसाचं. उसाला बिचाऱ्याला कोण छळतंय? वाढला की तोडला, कारखान्यावर नेला, वजन झालं, विषय संपला. उसाला कधी कुणी तोंड दाखव म्हटलं नाही. इथं मात्र फळाचं रूप बघतात, वजन बघतात, रंग बघतात, देठ बघतात. मुलगी दाखवायचा कार्यक्रम बरा, त्यात निदान कांदेपोहे तरी मिळतात.

सात वर्षांपूर्वीचा हस्त बहार मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. किती वेळा तो सगळा उलगडून बघितला, पण घडी काही नीट बसत नाही. कुठलं टोक कुठल्या टोकाला लावायचं तेच कळत नाही. बरं, ज्यांना विचारावं त्यांनाही कळत नाही.

त्या वर्षी आमच्या इथल्या अकरा घरांनी मिळून गट केला होता. सगळे आमच्यासारखेच, कुणाची एकर, कुणाची दोन एकर बाग. एकट्यादुकट्याला परदेशी माल पाठवणारी कंपनी दारात उभी करत नाही, पण अकरा जण मिळून गेलो तर एक कंटेनर भरतो, असं रावसाहेब नानांचं म्हणणं. नाना म्हणजे आमच्या वस्तीतले वडीलधारे, त्यांचा शब्द मोडायची पद्धत नाही. ते गटाचे अध्यक्ष झाले आणि आमचे हे सचिव. ह्यांना सचिव केलं कारण ह्यांचं कमी बोलणं. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नसेल, असं लोकांना वाटतं. आणि ते खरंही होतं. ह्यांनी 'अमुक दिवशी अमुक मारलं' म्हटलं की त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारायचं नाही. अकरा घरांत कुठली बाटली फवारायची, कुठली नाही, शेवटची फवारणी झाल्यावर किती दिवस थांबायचं, हे सगळं ह्यांच्या तोंडच्या शब्दावर चालायचं. हे सांगायचे आणि वहीत मी लिहायचे, कारण बारावीपर्यंत शिकलेली घरात मी एकटी.

निर्यातीच्या नोंदणीत बागेला नंबर मिळाला. मोबाईलवर नकाशात आमची दीड एकर हिरव्या चौकोनात दिसायला लागली. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळी आत्या म्हणतो, त्या चौकोनाकडे चष्मा लावून बघत बसल्या. म्हणाल्या, "म्हंजी झाडांचं आधार कार्डच काढलं म्हना की! अन् माझं बोट काय मशीन घेईना." त्यांच्या बोटांचे ठसे खुरपून खुरपून पुसले होते, तीन वेळा तालुक्याला जाऊन आल्या होत्या. झाडाचं काम एका फेरीत झालं, याचं त्यांना कौतुकही होतं आणि रागही.

आत्यांबद्दल थोडं सांगायला पाहिजे. आमचं दोघींचं कधी पटलं नाही. मी मीठ घातलं की त्यांना अळणी लागायचं आणि नाही घातलं की खारट. मलाही तोंड आहे, मी ऐकून घेणारी नव्हे. सगळ्या वस्तीला आमची भांडणं पाठ होती. दुपारी आमच्याकडे आवाज आला नाही तर शेजारीण डोकावून जायची, कुणी आजारी आहे का बघायला. पण एका बाबतीत मात्र आत्यांसमोर मी कायम गप्प. देण्याच्या बाबतीत. वानवळा द्यावा तर त्यांनीच. शेतात नवं काही आलं की पहिलं शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांत जाणार, आणि जाणार ते त्यातलं उत्तम. वांगं किडकं निघालं तर ते आमच्या भाजीत, चांगलं ते शेजारी. "आपलं आपन कसंबी खाऊ. दुसऱ्याच्या दारात आपलं नाव जातं," असं म्हणायच्या. मला सुरुवातीला हे ढोंग वाटायचं. मग सवय झाली, आणि मग कधीतरी मीही तसंच करायला लागले, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

फळं तोडणीला दोन-तीन आठवडे असताना कंपनीचा माणूस नमुना घ्यायला आला. तरुण होता, सभ्य होता, दारात चपला काढून आत आला. बागेत फिरून त्यानं इथलं एक, तिथलं एक अशी फळं तोडली. वरचं, खालचं, उन्हाकडचं, सावलीकडचं. ती प्रयोगशाळेत जाणार होती, त्यात औषधाचा अंश किती उरलाय ते बघायला. त्यातलं काही उरलेलं सापडलं की माल परदेशी जात नाही. हे मला माहीत होतं. आत्यांना मी सांगितलंही होतं. पण सांगणं वेगळं आणि आत उतरणं वेगळं. आता हे मी कुणाला बोलू, मला तरी कुठे उतरलं होतं?

ह्यांनी त्याला ओसरीवर बसवलं. तो कागद भरत होता, हे त्याला जमिनीचा गट नंबर सांगत होते. फळांची पिशवी आतल्या दाराशी ठेवली होती, तोंड अजून बांधलेलं नव्हतं. मी चहा टाकला होता. आत्या आल्या, पिशवीत डोकावल्या आणि कपाळाला हात लावून माझ्याकडे बघितलं. एक फळ उन्हानं डागळलेलं, एकाला फांदी घासून ओरखडा, एक तर चिंचोक्यासारखं चेपलेलं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "ही न्हेनार व्हय हा सायबांच्या देशात? लोकं काय म्हनतील, ह्यांच्या बागंत काय चांगलं पिकतच न्हाई का?"

घरामागं पाण्याच्या टाकीजवळ एक झाड होतं. बागेत धरलेलं नाही, ते आत्यांचं. सांडपाण्यावर वाढलेलं, खरकटं-राख सगळं त्याच्या बुडाशी. त्याची डाळिंबं अशी यायची की बघत राहावं. आत्यांनी ओच्यात पाच फळं आणली. पिशवीतली पाच काढली, ही पाच ठेवली. आणि मी काय केलं? मी चहाचं आधण मंद केलं, पदराला हात पुसले आणि ती पाचही फळं पदरानं पुसून एकेक करून आत्यांच्या हातात दिली. वर म्हटलं, "देठ वर करून ठेवा आत्या, बरं दिसतं." आमच्या दोघींचं इतक्या वर्षांत एवढं एकमत कधी झालं नव्हतं. मला त्यात वावगं असं काही वाटलंच नाही. पाहुणा दारातून जाताना त्याच्या हातात किडकं कसं द्यायचं?

त्यानं चहा घेतला, पिशवीचं तोंड बांधलं, त्याला नंबराची पट्टी लावली आणि गेला. आत्या दारात उभ्या राहून मोटरसायकल दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. चेहऱ्यावर समाधान असं की लेकीची पाठवणी मनासारखी झालीय.

पुढं दहा-बारा दिवसांनी निरोप आला. अकरा बागांत एक नमुना नापास, आमचा. कागद इंग्रजीत होता. गटातले डॅनियल गुरुजी, निवृत्त मास्तर, त्यांनी तो वाचला. एका विषाचं नाव होतं, इतकं लांब की गुरुजींनाही मधे एकदा थांबावं लागलं. ते आमच्या बागेत कधीच मारलेलं नव्हतं. वहीत नव्हतं, घरात नव्हतं, ह्यांनी नाव कधी ऐकलेलं नव्हतं. आणि माल तर सगळ्यांचा एकाच कंटेनरमधे जाणार होता, त्यामुळे कंपनीनं बाकीच्या दहा घरांनाही थांबवलं. परत तपासू, मग बघू, म्हणाले. पण पिकलेलं फळ कुणासाठी थांबतंय? पाचव्या-सहाव्या दिवसापासून बागाबागांत डाळिंबं तडकायला लागली. सकाळी बागेत गेलं की फुटलेल्या फळांवर मधमाश्या, आणि लोक एकमेकांकडे न बघता बोलायचे.

ह्यांना तेव्हा मी पहिल्यांदा तसं बघितलं. रोज सकाळी वही उघडायची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवायचं. मग औषधाच्या खोलीत जायचं, रिकाम्या बाटल्या एकेक करून उन्हात धरून वाचायच्या. जेवताना मधेच घास थांबायचा. "मी त्या दिवशी कुठली उचलली हुती गं?" मला विचारायचे. मी म्हणायचे, "वहीत हाय तीच." तर म्हणायचे, "वहीत मी सांगितलं ते हाय. मी काय सांगितलं ते मला बरोबर म्हाईत हुतं का?"

मला उमगलं ते चुलीमागच्या कोनाड्यात. मुंग्या झाल्या म्हणून आत्यांची पावडर शोधत होते. गावातल्या दुकानातून आणलेला डबा, आत्या ती मुंग्यांसाठी उंबऱ्यावर टाकायच्या. डबा हातात घेतला आणि एकदम आठवलं, नमुना न्यायच्या दोन-तीन दिवस आधी त्या टाकीजवळच्या झाडावर मुंग्या चढल्या म्हणून आत्यांनी याच डब्यातनं झाडावर, फळांवर मनसोक्त पावडर उडवली होती. मीच ओरडले होते, "धुण्यावर पडंल ना!" म्हणून. आणि तीच फळं मी पदरानं पुसून दिली. डब्यावरची अक्षरं वाचायला गेले, तर तेलकट हातांनी निम्मी पुसलेली. गुरुजींनी वाचलेलं नाव त्यात होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. पहिलं अक्षर तेच वाटलं. पण पहिलं अक्षर काय, माझ्या नि माझ्या नणंदेच्या नावाचंही सारखंच आहे.

आत्यांना सांगितलं. मला वाटलं त्या भांडतील, माझ्यावरच ढकलतील. त्या नुसत्या खाली बसल्या. म्हणाल्या, "पोरगं माझं उगं जळतंय व्हय गं?" आणि उठल्या. डोक्यावर पदर घेतला आणि तशाच निघाल्या. त्या दिवशी मारुतीच्या देवळात गटाची बैठक होती. कंपनीला दुसरा नमुना घ्यायची विनंती करायची की सरळ आमची बाग गटाबाहेर काढून उरलेल्यांचा माल सोडवायचा, एवढंच ठरवायचं होतं. मी मागोमाग धावले.

देवळात अकरा घरचे बाप्ये बसलेले. हे खांबाला टेकून, मान खाली. आत्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. पिशवी कशी बघितली, फळं कशी बदलली, पावडर कुठली. एका दमात. मला वाटलं आता सुटलो. नाना उठून आले, आत्यांसमोर हात जोडले आणि इतक्या मायेनं म्हणाले की ती माया मला अजून टोचते. "आत्या, तुमी बसा बरं सावलीला. लेकासाठी माय काय बी अंगावर घेती. आमाला कळतंय."

"अरं मी खरं सांगतीय!" आत्या ओरडल्या. "हिला इचारा की. ही हुती तिथं. हिनंच पुसून दिली फळं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनीही मान वर केली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, बाप्यांच्या बैठकीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "व्हय. आत्या म्हनत्यात तसंच झालं."

तर कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आरं तिच्यायला, सासू-सून एका तोंडानं बोलाया लागल्या! म्हंजी घरनं ठरवूनच आल्यात की." आणि सगळे हसले. वाईट हेतूनं नाही हो. दहा-बारा दिवसांचा ताण होता, तो तसा बाहेर पडला. गुरुजीसुद्धा हसले, रुमालानं डोळे पुसत. आम्ही खरं बोलत होतो आणि आमचं कधी पटत नाही एवढ्यावरून ते खोटं ठरलं. आयुष्यभर भांडलो त्याचं फळ असं मिळालं. मला रडू यावं की हसू, कळेना. मी तिथंच पदर तोंडाला लावून उभी राहिले, आणि त्यांना वाटलं मी लाजले.

तेवढ्यात हे उठले. म्हणाले, "बास करा. आईला हसू नका. माझ्याच हातनं झालंय. घाईत कुनाची तरी उसनी बाटली आणली असंल, मारली असंल. माझी बाग काढा गटातनं."

झालं. जो माणूस खोटं बोलत नाही त्यानं सांगितलं म्हटल्यावर पुढं काय? दुसरा नमुना घ्यायचं कारणच उरलं नाही. बाकीच्या दहा घरांचा माल उशिरानं का होईना गेला, निम्मा. आमची फळं राहात्याच्या बाजारात क्रेटनं गेली. ह्यांनी सचिवपद सोडलं. पुढं कुणी त्यांना औषधाचं विचारेना, आणि विचारलं तरी हे म्हणायचे, "दुसऱ्या कुनाला इचारा, माझा भरवसा न्हाई." स्वतःच्या तोंडानं. ऐकवत नसे मला.

त्या हस्तानंतरचा काळ मला आणखीनच चमत्कारिक वाटतो. घरात सुतक असावं, तर घर वेगळंच व्हायला लागलं. हे माझ्याशी बोलायला लागले! आधी 'वाढ', 'मोटर चालू कर', 'पिशवी दे' एवढ्यावर आमचा संसार चालला होता. आता कोल्हारहून येताना न सांगता भेळ आणायची. माझं डोकं दुखलं तर स्वतः चहा टाकायचा, पातेलं करपवायचं, पण टाकायचा. संध्याकाळी बागेत बोलावून विचारायचं, "यंदा कंचा बहार धरू गं? तुला काय वाटतं?" डाळिंबवाल्यानं बायकोला बहार विचारायचा म्हणजे काय, ते डाळिंबवाल्याच्या बायकोलाच कळेल. तिसऱ्या वर्षी तर तालुक्याला जाऊन बागेच्या उताऱ्यावर माझं नाव लावून आणलं. कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि हात-पाय धुवायला गेले. मी विचार करून थकले. माणूस एवढा पडतो आणि पडल्यावर एवढा मऊ होतो, हे कसं काय? मला वाटलं दुःखानं शहाणे झाले. मला बरं वाटायचं आणि बरं वाटायची लाजही वाटायची. ज्या गोष्टीनं ह्यांचं नाव गेलं तिच्यातनं माझं भलं झालं, हे कुणाला सांगणार?

आणि मनात एक किडा वळवळायचाच. त्या डब्यात खरंच ते विष होतं का? की शेजारच्या कांद्यावर कुणी फवारलं आणि वाऱ्यानं आमच्या बागेवर आलं? की ह्यांच्याच हातून खरंच काही झालं होतं? फळ इथून जातं, बंद पिशवीतून, आणि परत येतो तो कागद. मधे काय होतं ते आपल्याला कुठे दिसतंय? पूर्वी व्यापारी बागेत यायचा, फळ फोडून खायचा, तोंड वाकडं करायचा, आपणही त्याला चार शिव्या हासडायचो. कोण लुबाडतंय ते निदान समोर दिसायचं. आता सगळी माणसं सभ्य, चपला काढून आत येणारी. भांडायचं कुणाशी?

तर परवाची गोष्ट. साड्यांची गाठोडी काढायच्या आदल्याच दिवशी, सकाळी नाना आले. सात वर्षांत आमच्या ओसरीवर ते क्वचितच बसले होते. आले ते उभेच राहिले. मग म्हणाले, "आत्या कुठंयत?"

आत्या आतल्या खाटेवर असतात आता. दिसतं कमी, ऐकू बरं येतं. नाना त्यांच्या पायाशी बसले. हसत होते, पण ते हसू काही खरं नव्हतं. म्हणाले, "आमचा बहार जरा आधीचा, काल आमच्याकडं नमुन्यावाले आल्ते. मी पान्याचा तांब्या घ्यायला आत गेलो, तर आमची ही, पिशवीत हात घालून बसलेली. डागाची फळं काढती अन् देवापुढची चांगली घालती. मी म्हनलं, काय चाललंय? तर मलाच दटावती. म्हनती, 'आवो, कुनाच्या दारात चाललीत ही, असली द्यायची व्हय?' आत्या, मी तसाच उभा ऱ्हायलो बगा. तुमचं खरं हुतं. आमी हसलो तुमाला."

सात वर्षांनी कुणीतरी आत्यांचं खरं म्हटलं होतं. मला वाटलं रडतील. त्यांनी विचारलं, "मंग ठिवली का तिनं चांगली?"

"न्हाई ओ, मी परत बदलली."

"अरारारा," आत्या म्हणाल्या आणि कूस बदलली.

नाना ह्यांच्याकडे वळले. आता गटाचं औषधाचं तुझ्याकडंच घे, म्हणाले. चूक आमची, मी बैठकीत सगळ्यांसमोर सांगतो, म्हणाले. नाना गेल्यावर हे उठले आणि बागेत गेले. सात वर्षं मी ज्या दिवसाची वाट बघितली तो आला होता. नाव परत मिळालं होतं. मला तर पेढे वाटावेसे वाटत होते.

दुपारी भाकरी घेऊन बागेत गेले. हे बांधावर बसलेले. मी मांडायला लागले, तर हात धरून बसवलं. म्हणाले, "येक सांग. त्या दिवशी देवळात तू बोललीस. 'आत्या म्हनत्यात तसंच झालं.' ते खरं हुतं?"

मला कळेना हे काय विचारतायत. "म्हंजी? आत्ताच नाना सांगून गेले ना? मी तरी दुसरं काय सांगत हुते तवा?"

"मला वाटलं तुमी दोघी माझ्यासाठी खोटं बोलताय." ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तसाच हातात धरला. "आईचं ठीक हाय, आईच ती. पन तू. जल्मात आईचा येक शब्द ऐकून घेतला न्हाईस, अन् त्या दिवशी अकरा बाप्यांसमोर, माझ्यासाठी, तिच्या बाजूनं खोटं बोललीस. मला वाटलं, आपल्यासाठी कुनी येवढं करतं. मी तर तुला त्याच्या आधी काय दिलं हुतं? काय बी न्हाई. म्हनूनच तर उठलो मी. म्हनलं, हिला आनखी खोटं बोलाया लागू नये. अन् मंग पुढं..."

पुढचं मला माहीत होतं. भेळ, चहा, बहार, उतारा. सात वर्षं. मला राग यायला पाहिजे होता. देवळातल्या सगळ्यांनी खोटं ठरवलं ते सोसलं मी. पण त्यात हेही होते, हे मला आत्ता कळत होतं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर दुसरा नमुना झाला असता, नाव गेलं नसतं, काही झालं नसतं. मी भांडायला तोंडही उघडलं. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि भाकरीचं फडकं पुढं सरकवलं.

"मंग तू खोटं बोललीच न्हाईस?" ह्यांनी विचारलं. आवाज हळू होता, काहीतरी हातातून निसटल्यासारखा.

"न्हाई," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, त्या दिवशी मी खोटं बोलले असते तर किती बरं झालं असतं.